योहानभाऊंची हरळी

सुनीताचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. ती तळोद्याजवळच्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवते, शाळेच्या वेळात सहसा फोन करत नाही. "बाई, योहानभाऊ गेले," एवढंच म्हणाली. सकाळी तोंड धुताना छातीत कळ आली आणि नवापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. नंदुरबारहून मी त्यांच्या गावी पोहोचले तेव्हा प्रार्थना संपत आली होती. मूठभर माती टाकली आणि परत आले. त्या दिवशी कुणाशी धड बोलणंही झालं नाही. त्याला आता सहा आठवडे होतील.

योहान गावित हे गोल्फ कोर्सचे माळी. आमच्या जिल्ह्यात गोल्फ कोर्स होता म्हटलं की बाहेरची माणसं हसतात, पण होता. एका कारखान्याच्या वसाहतीला लागून, जुन्या मालकांच्या हौसेपोटी केलेला, नऊ खड्ड्यांचा. खेळणारे म्हणजे काही अधिकारी, दोन-तीन डॉक्टर आणि रविवारी गाडी काढून सुरतेहून येणारे पाहुणे. कोर्स तयार होत असताना योहानभाऊ दगड वेचायच्या कामावर आले, विशीतले होते, आणि तिथेच राहिले. प्रत्येक खड्ड्याभोवती गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. ती नऊ ग्रीनं त्यांच्याकडे होती. आणि ते गवत म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, हरळीच. त्यांच्या गावात लोक जन्मभर शेतातली हरळी खणून काढतात. हे गृहस्थ ती पाणी घालून वाढवतात याची घरीदारी चेष्टा व्हायची. ते नुसते हसायचे.

मी तेव्हा नंदुरबारच्या एका मुलींच्या शाळेत क्रीडाशिक्षिका होते. एका शिबिरात मी डिस्क गोल्फ शिकून आले होते. नियम गोल्फचेच, पण चेंडू-काठीऐवजी हाताने चकती फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची. चकत्या मिळाल्या, मैदान मिळेना. शाळेच्या पटांगणात दोन फेकींत भिंत यायची. म्हणून कोर्सच्या सेक्रेटरींना भेटले. ते आमच्याच बाजूचे, तापीकाठचे पाटील. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ताई, योहानले विचारा. गवत त्यानं शे." म्हणजे गवत त्याचं आहे.

योहानभाऊंनी सरळ नाही म्हटलं. मी एक चकती त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिची कड अंगठ्याने चाचपली, कडेच्या मातीत ती उभी आपटली आणि पडलेली खाच मला दाखवली. "बाई, हे माझ्या ग्रीनवर पडलं तर भरून यायला महिना लागेल." बोलणं संपलं. मी पुन्हा गेले, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा गेले नाही... पण एका दुपारी तेच शाळेत आले. फाटकाशी उभे राहून अर्धा तास मुलींचं फेकणं बघितलं. आठवीतली सुनीता वसावे सगळ्यात लांब फेकायची. तिची चकती भिंतीवरून रस्त्यावर गेली तेव्हा ते स्वतः जाऊन घेऊन आले. जाताना म्हणाले, "सोमवारी कोर्स बंद असतो. या. पण टोपल्या कुठे लावायच्या ते मी सांगेन."

टोपल्या त्यांनीच बनवून घेतल्या, सायकलच्या जुन्या रिंगांना गुरं बांधायच्या साखळ्या जोडून. एकही टोपली ग्रीनजवळ नव्हती. बाभळीखाली, ओढ्याच्या वळणावर, जिथे गोल्फवाल्यांचा चेंडू गेला की ते कपाळाला हात लावतात अशा जागा त्यांनी निवडल्या होत्या. त्यामुळे खेळ अवघड झाला, आणि खरं सांगायचं तर चांगलाही झाला. डोंगरातल्या वाड्यांवरून वसतिगृहात आलेल्या मुली पहिल्यांदा त्या हिरव्या उतारावर उभ्या राहिल्या तेव्हा कितीतरी वेळ कुणी फेकेचना. "इथे चालायचं का, बाई?" एकीने विचारलं. योहानभाऊंनी हात करून दाखवलं, इथून इथपर्यंत चाला.

दोन वर्षं बरी गेली. मग एका मंगळवारी तिसऱ्या ग्रीनवर वीतभर लांबीची, अर्धगोल चीर सापडली. चकतीच्या कडेसारखीच. कोर्सच्या समितीने मला बोलावलं. बैठक शनिवारी होती. त्याआधी मी मुलींना विचारलं आणि माझा संशय सुनीतावर गेला, कारण इतक्या लांब तीच फेकू शकत होती. ती नाही म्हणाली. मी तिला सगळ्यांसमोर बोलले. खोटं बोलणाऱ्या मुलीला मी संघात ठेवणार नाही, असंही म्हणाले. ती रडली नाही, खालीही बघितलं नाही. चकत्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून वसतिगृहात निघून गेली.

शनिवारी बैठकीत डिस्क गोल्फ बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी माफीनाम्याचा कागद लिहून नेला होता. तेवढ्यात योहानभाऊ आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. चपला दाराबाहेर काढून ते टेबलाच्या टोकाशी उभे राहिले. "ती चीर माझ्या मशीनची आहे," म्हणाले. "पातं एका बाजूला उतरलं होतं. सोमवारी संध्याकाळी वळवताना लागलं. पोरी तेव्हा गेल्या होत्या." एका डॉक्टरांनी विचारलं, मग चार दिवस गप्प का राहिलास? ते म्हणाले, "इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं साहेब. तोंडातून निघत नव्हतं."

कुणीही त्यांच्यावर संशय घेतला नसता. बोलले नसते तर प्रकरण मुलींच्या नावावर मिटलं असतं, आणि सोमवारची त्यांची कटकटही गेली असती. समितीने ग्रीनं त्यांच्याकडून काढली. तो सगळा पावसाळा ते फाटकावर बसून गाड्यांसाठी अडसर वर-खाली करत होते. आमचे सोमवार मात्र चालू राहिले. मी त्यांना भेटायला गेले, आभार मानायचे म्हणून. त्यांनी ते मानू दिले नाहीत. "पोरीला विचारलंत, पण तिचं ऐकलं नाहीत, बाई. मला तरी विचारायचं होतं." मी सुनीताची माफी मागितली, सगळ्या मुलींसमोर. ती "बरं" म्हणाली. परत खेळायला आली तो सोमवार महिन्यानंतरचा होता.

दिवाळीच्या सुमारास ग्रीनवर बुरशी चढली, नव्या माणसाला ती आवरेना, आणि योहानभाऊंना परत बोलावलं गेलं.  निवृत्त झाले त्यानंतरच्या सोमवारी ते आमच्याबरोबर खेळले. आयुष्यात पहिल्यांदा त्या कोर्सवर खेळाडू म्हणून. डावखुरे होते हे मला त्या दिवशी कळलं. एकेका टोपलीला सात-आठ फेकी लागल्या. सुनीता तेव्हा कॉलेजात होती. ती त्यांना मनगट कसं ठेवायचं ते शिकवत होती आणि ते शाळकरी पोरासारखे मान डोलावत होते.

गेल्या रविवारी सुनीता आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, मार्थाबाई, ओट्यावर तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आम्हाला घरामागे नेलं. तिथे खाटेएवढा हिरवा तुकडा होता. तिसरं ग्रीन नव्याने लावलं तेव्हा फेकून दिलेली हरळी त्यांनी पोत्यातून आणून इथे लावली होती. कोंबड्या येऊ नयेत म्हणून भोवती जाळी. रोज सकाळी उकिडवं बसून ते ती कात्रीने कापायचे... सहा आठवड्यांत गवत बोटभर वाढलं होतं.

"घरातल्या कोणाला यावर पाय ठेवू दिला नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "नातवांनाही नाही. मलाही नाही. मला फक्त सांगायचे, फार मऊ आहे म्हणून." मग म्हणाल्या, "मातीच्या दुसऱ्या दिवशी सगळे पाहुणे गेले, तेव्हा मी जाळी काढली आणि उभी राहिले त्याच्यावर. अनवाणी."

त्यांनी वाकून गवतावर तळहात टेकवला.

"मऊ आहे," त्या म्हणाल्या.

सुनीताने कात्री मागितली.