वसंताचा सोलर आणि मी जोडलेला फाटा

आमच्या घरचं गरम पाणी श्रावणापासून दिवाळीपर्यंत संडासात जात होतं, आणि ते तिथे मी पाठवत होतो. या गोष्टीला बारा वर्षं झाली. इतकी वर्षं दोष माझ्या मेव्हण्याच्या माथी राहिला. आता माझं वय झालं, तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो.

मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथे पाइपातून जराशी वाफ गळाली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. तीच सवय मी इंदिरानगरच्या घरी आणली. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर होतं (म्हणजे माझ्या ताब्यात!). माझी बायको सुमन आंघोळीला गेली की मी दाराशी उभा.

"झालं का?"

"अहो, आत्ता तर साबण लावला!"

"बटण बंद करतोय हं."

"मलाच बंद करा एकदाचं!"

सुमनला कडकडीत पाणी लागायचं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण तिची एक आंघोळ मी शांतपणे पार पडू दिली नव्हती. हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तिच्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या, मात्र आलं. त्याचं सिन्नरला सोलरचं दुकान. एका राखीपौर्णिमेला त्याने साडीऐवजी टेम्पोतून सोलर आणला आणि स्वतः गच्चीवर चढून बसवला.

"ताई, आता मनसोक्त आंघोळ कर. दाजींनी सूर्याचं बटण बंद करून दाखवावं!"

दुसऱ्या दिवशी सुमन अर्धा तास बाथरूममध्ये होती. बाहेर आली ती गाल लाल करून, वीस वर्षांनी लहान होऊन. मी खूश होऊन गीझर भंगारवाल्याला दिला. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण माझ्यातला मेंटेनन्सवाला गप्प बसेना. सोलरचा नळ सोडला की आधी पाइपात साठलेलं गार पाणी यायचं. ते सगळं मोरीत! मी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी, सुमन देवळात गेलेली असताना, गरम पाण्याच्या पाइपाला एक फाटा काढून फ्लशच्या टाकीला जोडला. हिशेब साधा होता. सकाळी पहिला माणूस संडासला जाणार, फ्लश ओढणार, पाइपातलं गार पाणी टाकीत भरणार, आणि बाथरूममध्ये एकदम गरमागरम! स्वतःच्या बुद्धीचं मला इतकं कौतुक वाटलं की कोणाला सांगायचंही राहून गेलं.

आठवड्याभरात पाणी कोमट झालं.

"पावसाळा आहे ताई, ऊन कुठाय?" वसंता फोनवर म्हणाला. पटलं. पण पाऊस उघडला, ऊन पडलं तरी पाणी कोमटच. गणपतीला सुमनची येवल्याची मावशी आली. ती सकाळी संडासातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून तृप्त हसली.

"जावईबापू, तुमचा संडास लय गुणाचा हाय. बसलं की खालून कशी ऊब येती!"

मावशीचं वय झालं, असं मी सुमनला हळूच सांगितलं. (मावशी तेव्हा आजच्या माझ्यापेक्षा लहान होती.)

नरकचतुर्दशीला पहाटे सुमन अंगभर तेल-उटणं लावून बसली आणि नळातून विहिरीसारखं गार पाणी आलं. गीझर नव्हता. गॅसवर पातेलं चढेपर्यंत ती कुडकुडत बसली, केसातून तेल ओघळतंय, मानेला उटणं तसंच. मी धीर म्हणून म्हणालो, "तुझ्या भावाच्या सोलरवर पापड तेवढे चांगले वाळतील."

पाडव्याला वसंता आला. दर दिवाळीला तो चार दिवस राहायचा, पत्ते कुटायचा, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खायचा, सुमनला चिडवून चिडवून रडकुंडीला आणायचा. त्या वर्षी तो आल्या आल्या गच्चीवर गेला.

"दाजी, टाकीच्या पाण्याला हात लावा. भाजतंय की!"

"संध्याकाळी भाजतं रे. सकाळी काय?"

"मग टाकीच उष्णता धरत नसेल." तो तसाच सिन्नरला गेला, स्वतःच्या दुकानातून नवी टाकी घेऊन आला आणि अंधार पडेपर्यंत बसवत राहिला. मी खालून बॅटरी धरली. वर सल्लेही दिले!

भाऊबीजेच्या सकाळी पाणी पुन्हा गार. सुमनने त्याला ओवाळलं. तबक खाली ठेवताना तिच्याच्याने राहवलं नाही.

"वसंता, गिऱ्हाइकांना चांगला माल देतोस ना? मग बहिणीलाच कसा रे असला दिलास?"

त्याने पिशवी उचलली आणि न जेवता गेला.

दुपारी मी खिन्न होऊन संडासात जाऊन बसलो. आणि मला खालून छान ऊब आली.

फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं तर आतून वाफ! गरम पाण्याने आतला रबरी वॉशर मऊ पडला होता आणि वसंताच्या सोलरचं पाणी रात्रंदिवस बारीक धारेने कमोडमध्ये उतरत होतं. मी पान्हा घेतला, फाटा काढला, पाइपाचं तोंड बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कडकडीत पाणी आलं. सुमन धावतच बाहेर आली. "अहो, काय केलंत?"

"एक जोड चुकीचा होता. काढला."

"म्हणजे वसंतानेच चुकीचा बसवला होता?"

आणि मी मान हलवली. तोंडाने खोटं बोललो नाही, एवढंच स्वतःला सांगत आलो.

"यांनी दुरुस्त केला हो," असं सुमन शेजारणींना वर्षानुवर्षं कौतुकाने सांगायची आणि मी भिंतीकडे बघायचो. वसंता त्यानंतरही दर भाऊबीजेला यायचा, पण सकाळी येऊन दुपारी जायचा. साडी नाही, वस्तू नाही; पाकीट. तो गेला की सुमन बराच वेळ फाटकाशी उभी राहायची. पत्ते कपाटातून बाहेर निघाले नाहीत. मी दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा चहा मागितला. तीन वर्षांपूर्वी ती गेली. आता मागितला तरी तो चहा मिळायचा नाही.

यंदा दसरा झाल्यावर मी बसने सिन्नरला गेलो. वसंताच्या दुकानात बसून सगळं सांगितलं. तो एका नळाला टेप गुंडाळत होता, गुंडाळतच राहिला.

"ताईला सांगितलंत?"

"नाही रे."

त्याने टेपचं टोक तोडलं. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या सोलरचं पाणी संडासात?"

"हो."

"पण गरम होतं ना?"

"वाफ येत होती, वसंता."

त्याने नळ खाली ठेवला. "दाजी, बारा वर्षं मी ती टाकी डोक्यात उघडतोय आणि बंद करतोय. चूक सापडत नव्हती हो." असं म्हणून तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने टेपच्याच हाताने डोळे पुसले. मला माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

पण भाऊबीजेला तो आला, आणि मुक्कामाची पिशवी घेऊन आला. सुमनच्या फोटोला हात जोडून त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बाथरूम गाठलं. आतून धबाधब आवाज आणि आरोळी, "दाजी, फक्कड पाणी आहे! ताईचा सोलर अजून एक नंबर!" मी बाहेर उभा होतो. "झालं का?" हे शब्द ओठांपर्यंत आले, ते गिळले. पाऊण तासाने तो निघाला.

मग मी आत गेलो. त्याने गरम पाण्याचा थेंब शिल्लक ठेवला नव्हता. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि त्या पहाटे सुमनला केवढी थंडी वाजली असेल ते मला बारा वर्षांनी कळलं. फरक इतकाच, की ती दात आवळून गप्प बसली होती आणि मी असा ओरडलो की गल्लीतली माणसं गोळा झाली.