कडूबाईची पहिली अक्षत

वाती वळायला बसले होते. निम्म्या झाल्या होत्या, उरलेला कापूस मांडीवर तसाच होता, तेवढ्यात कडूबाई मागच्या दारानं आली. उंबऱ्याला टेकली आणि म्हणाली, "वैनी, डोंगर चढायला काय काय लागतं वो?"

"कोणता डोंगर?"

"हरिश्चंद्रगड म्हणत्यात. जुन्नरकडं हाय."

हातातली वात हातातच राहिली. आमच्या बोरीत चढ म्हणजे पाण्याच्या टाकीचा जिना. बाकी सगळं रान पोळपाटासारखं.

कडूबाई आमच्या शेताला लागून राहते. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. लग्न झाल्यापासून दर वर्षी दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची ती उन्हाळ्यातच परत यायची. पुढं नवऱ्याची, वैजीनाथची, कंबर गेली तसं ते जाणं बंद झालं. आता आमच्याकडे निंदायला, कापूस वेचायला असते. लेक पिंकी परभणीत नर्सिंग शिकली. माघात तिचं लग्न, पेडगावच्या मुलाशी.

"लग्न तोंडावर आलंय आणि तुला डोंगर कशाला?"

"नवस हाय. तो फेडल्याबिगर अक्षत फिरवायची न्हाई."

आमच्याकडे लग्नाच्या पिवळ्या अक्षता आधी देवाला जातात, मग सोयऱ्यांना. पहिली अक्षत पोचल्याशिवाय दुसरी कुणाला देत नाहीत. म्हटलं, "कोणत्या देवाचा नवस?"

"फेडला की सांगते."

पुढं विचारलं नाही. फेडायच्या आधी नवस बोलून दाखवू नये, हे मलाही कळतं. पण त्या संध्याकाळी पोथी वाचताना ओळ दोनदा चुकली. महादेवाचाच असणार, वर महादेव आहे असं ऐकलं होतं. पण एवढ्या लांबचा कसा?

आमचे हे, व्यंकटराव, जेवताना म्हणाले, "महादेव गावात बी हाय की. तिकडचा काय जास्त पावणारा हाय?" आणि मी सोबत जाणार म्हटल्यावर, "तुमी? तुमी माळवदावर पापड घालायला चढलाव तर खाली येस्तोवर अर्धा दिवस जातो!"

आमची लेक अपेक्षा पुण्यात नोकरीला आहे, सुट्टीला गड चढते. तिनं फोनवर सगळं ठरवलं. खिरेश्वरच्या बाजूनं चढायचं, ती वाट अवघड. उतरायचं पाचनईच्या बाजूनं, ती सोपी. तिथं जीप थांबेल. मी विचारलं, "मग चढायचं बी सोप्या वाटेनंच का नाही?" तर कडूबाईच म्हणाली, "न्हाई, मी ऊस तोडायचे त्याच अंगानं जायचं." बूट मला, कडूबाईला आणि पिंकीला, तिघींना घ्यायला लावले. कडूबाईनं ते देव्हाऱ्यासमोर ठेवून हळद-कुंकू लावलं, मगच पायात घातले.

सराव टाकीच्या जिन्यावर. पाणी सोडणारा मुंजाजी खालून ओरडायचा, "वैनी, नळाला अजून टाइम हाय, वर जाऊन उपेग न्हाई!" कडूबाई चढायची भराभर. उतरताना मात्र मधल्या टप्प्यावर मट्कन बसली आणि बसूनच एकेक पायरी खाली सरकली. म्हणाली, "उतरताना डोळं फिरत्यात. पूर्वी न्हवतं असं." पूर्वी म्हणजे कधी, ते सांगितलं नाही.

इकडे पेडगावहून पिंकीच्या होणाऱ्या सासूचा, कमलबाईंचा, फोन. "अक्षत न्हाई, आवतण न्हाई, तुमचं मन बदललंय का काय? आमच्या भावकीत लोक विचारायलेत." कडूबाई एवढंच म्हणाली, "धा-बारा दिस थांबा, येनबाई."

संक्रांत झाली आणि निघालो. मी, कडूबाई, पिंकी. अपेक्षा आळेफाट्याला येऊन मिळाली. रात्री खिरेश्वरला मुक्काम केला, पहाटे वाटाड्या चंद्रभान घ्यायला आला. गावचाच माणूस, पन्नाशीचा, पायात साधी चप्पल.

जंगल मी पहिल्यांदा आतून पाहिलं. झाडं इतकी दाट की ऊन खाली उतरायलाच वाट शोधत होतं. पायाखाली ओला पाला, वर कुठंतरी वानरं खोकल्यासारखी ओरडत होती. मी नामस्मरण करत चढत होते, म्हणजे धाप लागत होती तेवढ्यात जमेल तसं. कडूबाईच्या काखेत एक लहान गाठोडं होतं, ते ती कुणाला धरू देत नव्हती. आणि ती बघायची सगळीकडे. मातीत ठसा दिसला की थांबायची. "चंद्रभानभाऊ, हे कुणाचं पाऊल?"

"रानमांजराचं, मावशी."

"आन वाघ?" बिबट्याला ती वाघच म्हणते.

"वाघ आता हितं कमी. सगळं खाली उसात ऱ्हायला गेलंत, तुमच्या शेजारी," चंद्रभान हसला. कडूबाई हसली नाही.

टोलार खिंडीत पोचलो तेव्हा धुकं होतं. हात लांब केला तर बोटं पुसट दिसायची. तिथं बसून भाकरी खाल्ली. कडूबाई एका दगडाला पाठ टेकून बसली, झुडपात अर्धा गेलेला दगड होता. चंद्रभाननं तिच्याकडे बघून कपाळाला हात लावला. मला वाटलं घाम पुसला.

खिंडीच्या वर उभा कातळ. लोखंडी कठडे धरून चढायचा. मध्यावर कडूबाईनं चुकून खाली पाहिलं आणि कठड्याला मिठी मारून उभी राहिली. पुढं नाही, मागं नाही. पिंकी खालून म्हणाली, "आई, चल की. ट्रकच्या फळीवर मोळी घेऊन चढायचीस ना तू?"

"त्याचं नाव काढू नको!" ती ओरडली. वर पोचल्यावर म्हणाली, "ह्या वाटनं मला परत नेऊ नका, वैनी. मेले तरी न्हाई."

"कशाला न्यायचं? दुसरीकडून उतरायचंय," मी म्हटलं.

वर गेल्यावर माझा शीण गेला. दगडी देऊळ, आणि बाजूच्या गुहेत पाण्यात उभी केदारेश्वराची पिंड. पाणी कमरेइतकं, बर्फासारखं. मी प्रदक्षिणा घातली, दात वाजत होते आणि तोंडात नाव होतं. बाहेर आले तर कडूबाई देवळाभोवती फिरत होती. एकेक कोनाडा बघत होती. गाठोडं अजून काखेतच.

शेवटी तिनं चंद्रभानला विचारलं, "भाऊ, वाघोबा कुठं हाय?"

"वाघोबा? तो खाली ऱ्हायला की, मावशी. खिंडीत. तुमी त्यालाच टेकून भाकर खाल्ली."

कडूबाई खाली बसली. आम्ही सपाटीवरची माणसं. डोंगरावरचा देव म्हणजे माथ्यावर, वाटेत देव असेल हे ध्यानातच येत नाही.

"आता सांगावंच लागतंय," ती म्हणाली.

पिंकी तेव्हा अंगावर पिणारी. ओतूरकडं तोड चालू होती, फडाचा शेवटचा पट्टा राहिला होता. तिची झोळी बांधली होती बांधावरच्या बाभळीला. आणि कडूबाई ट्रकला लावलेल्या फळीवर, डोक्यावर मोळी. त्या उरलेल्या उसातून वाघ बाहेर आला, झोळीपाशी गेला, वास घेतला.

"मी ओरडले तर तो दचकंल. मोळी टाकली तर आवाजानं बिथरंल."

"मग?" पिंकीनं विचारलं.

"मग काय. हुबी ऱ्हायले फळीवर. खाली तुला बघत." थोडं थांबून म्हणाली, "तो गेला. ह्या डोंगराच्या अंगाला. तिथली एक म्हातारी म्हणाली, वर वाघोबा हाय, त्याच्या घरचा असंल. मी तिथंच बोलले, पोरीला तिच्या पायानं घेऊन येईन, तिच्या लग्नाची पहिली अक्षत तुला."

अपेक्षा हळूच म्हणाली, "मावशी, इथं महादेवापाशी ठेवा ना. नाहीतर चंद्रभानदादा नेऊन ठेवतील." मलाही ते पटलं. महादेव वाघाच्या कातड्यावर बसणारा, त्याला वाहिलं की पोचलंच.

"वैनी," कडूबाई म्हणाली, "तुमच्या घरचं आवतण कुणी शेजारणीपाशी ठिवून गेलं, तर तुमी जाल का त्या लग्नाला?"

मी जाणार नाही, हे तिला माहीत होतं.

जीपवाल्याला निरोप सांगायचं काम पाचनईकडे उतरणाऱ्या पोरांवर सोपवलं, आणि आम्ही आल्या वाटेला लागलो. कातळ आला. चंद्रभाननं दोर बांधला. पिंकी आईच्या खाली उतरली, तिचा एकेक पाय हातानं धरून खोबणीत ठेवायला लागली. कडूबाईनं डोळे गच्च मिटले होते.

"आई, डोळे उघड. दरीत बघू नको, मला बघ."

"तवा बी तुलाच बघत हुते गं," ती म्हणाली, आणि डोळे उघडले.

किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. मी आपलं वरून देवाला कामाला लावलं होतं.

खिंडीत धुकं गेलं होतं. चंद्रभाननं झुडूप बाजूला केलं, आणि दगडावर वाघ. झिजलेला, शेपटी वर केलेला. कडूबाईनं आधी कान धरले, पाठ केली म्हणून. मग गाठोडं सोडलं. आत पिवळे तांदूळ, सुपारी, हळद-कुंकू, आणि झोळीच्या लुगड्याचा एक जुना तुकडा. तो तिनं वाघापुढं अंथरला, त्यावर अक्षता ठेवल्या आणि पदर पसरून म्हणाली, "माघात लगीन हाय, पेडगावला. समद्यांनी या."

"आई, समद्यांनी?" पिंकी म्हणाली. "मंडपात पळापळ हुईल की!"

कडूबाईनं विचार केला. "बरं, येऊ नको. आशीर्वाद धाड."

आम्ही सगळे हसलो, चंद्रभान तर दगडाला धरून. मग पिंकीनं वाकून वाघाच्या झिजलेल्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "आई, दिसायला कसा हुता गं तो?" कडूबाई सांगायला लागली. खिरेश्वर येईपर्यंत सांगतच होती. उतरताना ती एकदाही बसली नाही.

काल घरी आले. निघताना ठेवलेला कापूस होता तिथंच होता, यांनी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. वाती पुऱ्या करते आहे आणि मधूनमधून हे लिहिते आहे. मागच्या दारानं कडूबाई आत्ताच येऊन गेली, परातीत तांदूळ पिवळे करून ठेवलेत म्हणाली. उद्या सकाळच्या बसनं ती राणीसावरगावला जाणार आहे, धाकट्या भावाकडे अक्षत द्यायला.