अन्सेल्माचं दोन तोंडांचं भांडं

लग्नाचं भांडं मुलाकडच्यांनी घडवायचं, ही सांता क्लारा गावाची रीत. नवरा मुलगा एलियास एकुलता एक, तेव्हा ते काम त्याच्या आईकडे, अन्सेल्माकडेच आलं. तिने मातीच्या वळ्या एकीवर एक चढवत दोन तोंडांचं भांडं उभं केलं, वाळवलं, खरवडून सारखं केलं. पण हिवाळ्यापासून तिचा उजवा हात मधूनच बधिर होत होता. हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

धास्ती होती ती घोटण्याची. लाल मातीचा लेप दिला की तो सुकायच्या आत गुळगुळीत खड्याने चकाकी येईस्तोवर घोटत राहायचं. मध्ये थांबलं की डाग पडलाच.

एक तोंड झालं. दुसऱ्यावर आली आणि बोटांतून खडा निसटला.

"वन्सं, हात गेला माझा."

"आत्ता सांगतेस?" नणंद डेलुविना ओरडली. तिची स्वतःची मनगटं संधिवाताने आखडलेली. "लेप सुकतोय की गं!"

तेवढ्यात नवरी मुलगी, मार्सेलिना, भट्टीतला गरम पाव घेऊन दारात आली.

"नवरीने बघायचं नसतं हे!" डेलुविना आडवी आली.

"मग काय डोळे मिटून घोटेल?" अन्सेल्मा म्हणाली. "ये गं, बस इथे."

"आई, मला नाही येत. आमच्या गावात घोटत नाहीत भांडी."

"खडा आडवा धर. दाबू नकोस फार. आणि थांबू नकोस, काही झालं तरी."

अन्सेल्मा डाव्या हाताने भांडं फिरवत राहिली. मुलीच्या कपाळावरचा घाम लेपावर पडेल की काय, याकडेच तिचं लक्ष होतं.

भाजायच्या दिवशी वारा सुटला. लाल लेप काळा व्हावा म्हणून आगीवर घोड्याची लीद ओतली, धूर कोंडला. वाऱ्याने भांडं तडकल्याचा आवाज येतो का, म्हणून तिघी कान देऊन उभ्या.

भांडं काळंभोर, अखंड निघालं. दुसऱ्या तोंडाखाली मात्र एक पट्टा निस्तेज राहिला होता.

"इथे चकाकी नाही," डेलुविना म्हणाली.

"असू दे. पाणी तर गळत नाही ना?"

लग्नात नवरा-नवरी त्यातूनच प्यायली. नंतर अन्सेल्मा दवाखान्यात गेली. हात थोडा सुधारला, पूर्ण नाही. आता मोठ्या भांड्याला लेप द्यायच्या आधी ती सुनेला विचारते, "आज मोकळी आहेस ना?" आणि सून हो म्हणेपर्यंत लेपाचं पाणी उगीचच ढवळत राहते.