अर्धवट धावफलकाचा विजेता

सकाळी सव्वाआठला वाधवानींचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या फलकावर लावायची सूचना लिहीत होते. "मॅडम, कांबळे गया," एवढंच ते म्हणाले. अशा वेळी मला काही सुचत नाही, म्हणून मी यादी करते. हातातल्या कागदाच्या पाठीमागे नावं लिहिली. कुणाला कळवायचं, कुणाचा नंबर आहे, कुणाचा शोधावा लागेल. आमच्या बंद पडलेल्या कारखान्यातली ही माणसं. तीन नंबर लागलेच नाहीत. एकाच्या घरी भलतंच कुटुंब राहायला आलं होतं. साडेअकरापर्यंत यादी संपली, करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा कुठे कांबळे गेले हे मला नीट कळलं.

याला आता दीड महिना झाला. या पुरवणीच्या वाचकांना कांबळे माहीत असण्याचं काही कारण नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा एक मध्यम कारखाना होता, तिथे ते प्रयोगशाळेत रंग तपासायला होते. मी स्टोअरला होते. उल्हासनगर कॅम्प एकहून स्कूटरवर येणारे वाधवानी माल रवाना करायचे. आमची ओळख भांडणातून झाली. माझ्याकडून गेलेली एक पिशवी वजनात कमी भरते, असा शेरा कांबळेंनी मारला. मी तावातावाने प्रयोगशाळेत गेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या मोजणीत चूक नाही. काट्यात आहे. काटा तपासला कधी?" काटा तपासला. खरंच चुकत होता आणि किती महिने चुकत होता कोण जाणे. माझ्या सगळ्या नोंदी स्वच्छ अक्षरात, तारीखवार आणि चुकलेल्या होत्या. तेव्हापासून आम्ही एका टेबलावर जेवायला लागलो.

त्या टेबलावरच आमचा खेळ सुरू झाला. वाधवानींचा भाचा अमेरिकेत होता. तिकडे ऑफिसातली माणसं बेसबॉलच्या खऱ्याखुऱ्या खेळाडूंमधून आपापले कागदी संघ करतात, खेळाडू मैदानात जे करेल त्याचे गुण संघमालकाला मिळतात, हे त्याने सुट्टीवर आला असताना मामाला समजावलं आणि मामांनी आम्हाला. बेसबॉलमधलं आम्हाला काय कळणार? आम्ही तो क्रिकेटला लावला. आठ जण खेळायचे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरायचा आणि क्रमाने एकेक खेळाडू उचलायचा. एकाने घेतलेला दुसऱ्याला नाही. धावेला एक गुण, झेलाला दहा, बळीला वीस. मी खेळत नसे. मी वही सांभाळायचे.

वहीच्या पहिल्या पानावर पाच नियम होते, सगळे मी केलेले. त्यातला चौथा भांडणं टाळण्यासाठी होता. सुरुवातीला प्रत्येक जण टीव्हीवर पाहिलेलं आठवून सांगायचा आणि दोघांचं आठवणं कधी जुळायचं नाही. म्हणून मी लिहिलं : कँटीनमध्ये सकाळी येणाऱ्या वर्तमानपत्रात जो धावफलक छापला असेल, त्यावरूनच गुण दिले जातील. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हिशेब बंद. नंतर कुणी काही आणलं तर चालणार नाही. तीन वर्षं हा नियम सुरळीत चालला. मला त्याचा अभिमानही होता.

बाकीचे सात जण नावं बघून खेळाडू घ्यायचे. पाटील म्हणून आमचे बॉयलर सांभाळणारे होते, बदलापूरच्या गावातले, आगरी बोलणारे. ते तर आदल्या रविवारी ज्याने षटकार मारले त्यालाच उचलायचे. कांबळे तसे नव्हते. त्यांना जिंकायचं होतं, आणि ते लपवायचेही नाहीत. रंगाच्या नमुन्याच्या पत्र्याची आम्ही एक ढाल केली होती, ती कँटीनच्या भिंतीवर असायची. हंगाम संपला की विजेत्याचं नाव त्यावर रंगवायचं. अक्षर चांगलं म्हणून ते काम कांबळेंकडेच. तीन वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं रंगवली. "एकदा आपलं नाव आपल्या हाताने काढायचंय बाई," ब्रश पुसता पुसता म्हणाले होते. "नोकरीत आपलं नाव फक्त पगारपत्रकावर. तेही दुसऱ्याने टाइप केलेलं."

२००६च्या उन्हाळ्यात भारताचा संघ वेस्ट इंडिजला गेला. आमचा खेळ सुरू झाल्यापासूनचा तिकडचा तो पहिलाच दौरा. आमच्या हंगामातला शेवटचाही. संघ निवडायला बसलो तेव्हा कांबळेंनी दोन्ही देशांचे सलामीचे फलंदाज आणि नव्या चेंडूचे गोलंदाज उचलायला सुरुवात केली. मधल्या फळीतली मोठमोठी नावं त्यांनी सोडून दिली. "कांबळे, आज जेवला नाहीस काय?" वाधवानी म्हणाले. ती मोठी नावं त्यांनीच खुशीत गोळा केली.

पहिल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर धावफलक अर्धाच. तिकडचा सामना आपल्याकडे संध्याकाळी सुरू होऊन उत्तररात्री संपायचा, आणि आमच्या भागात येणारा अंक डाक आवृत्तीचा, म्हणजे लांबच्या गावांसाठी लवकर छापून निघणारा. त्यात पहिल्या डावातली वीस-पंचवीस षटकं जेमतेम मावलेली. पाटील म्हणाले, "आता काय करायचा बाई?" मी चौथा नियम वाचून दाखवला. छापलंय तेवढंच. सगळे हसले. कांबळेंच्या माणसांना गुण मिळाले, बाकीच्यांना भोपळा. सगळ्यांना वाटलं, एखाद्या दिवशी असं होतं. पण पाचही एकदिवसीय सामन्यांना तेच झालं. मालिकेच्या मध्ये संघ बदलता येत नसे. हंगामाची बेरीज केली तेव्हा कांबळे पहिले आले होते.

जेवणाच्या सुट्टीत मी नाव वाचलं. वाधवानी त्यांच्याकडे वळले. "सच बोल, कोणता बाबा पकडलास?"

"बाबा नाही, पेपरवाला पकडला. स्टेशनवरचा." कांबळेंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "त्याला विचारलं, तुझा अंक किती वाजता छपाईला जातो. मग सामना किती वाजता सुरू होतो ते बघितलं. दोन्हीच्या मध्ये मैदानात कोण असणार? टॉस कुणीही जिंको. सलामीवाले आणि नवा चेंडूवाले."

"यानी तं आपल्याला सगल्यांना येरे बनवले," पाटील म्हणाले आणि हसायला लागले. आणखी दोघं हसले.

"मालाची परीक्षा सगळेच करतात," कांबळे माझ्याकडे बघून म्हणाले. "मी मापाची केली."

त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी वही मिटली, कारण वाधवानी हसत नव्हते. "ये क्रिकेट नहीं है साईं," ते म्हणाले. "मेरे प्लेयर ने रात को सेंचुरी मारी और मेरेको झीरो? ही तर चीटिंग झाली." मग आवाज चढले. कारखाना बंद होणार अशी तेव्हा कुणकुण होती. कोण स्वेच्छानिवृत्ती घेणार, कोण युनियनबरोबर थांबणार, यावरून माणसं आधीच एकमेकांवर उखडलेली होती. एकाने टेबल बदललं. मला फक्त दुपारची ती अर्धा तासाची सुट्टी शांत हवी होती. खरं सांगायचं तर मी थकले होते. मी दोन दिवस मागून घेतले.

वाधवानींनी कुठूनतरी उशिरा छापल्या जाणाऱ्या शहर आवृत्तीचे पाचही अंक आणून दिले. त्यांतल्या पूर्ण धावफलकांवरून मी सगळी बेरीज नव्याने केली. वाधवानी पहिले आले आणि कांबळे पाचवे. मग मी सहावा नियम लिहिला : गुणांसाठी धावफलक पूर्ण असावा. इथपर्यंत काही चुकलं नव्हतं. त्यापुढे मी लिहिलं : हा नियम चालू हंगामापासून लागू.

कांबळेंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "बाई, हे कधीपासून?"

"या हंगामापासून."

"हंगाम संपला ना?"

मी डब्याचं झाकण लावत होते. ते किती वेळ लावत होते, मलाच माहीत. "सगळ्यांचं समाधान बघावं लागतं, कांबळे," मी म्हणाले.

"सगळ्यांचं," ते म्हणाले. चष्मा काढत पुढे म्हणाले, "आमच्या घरात लिहिलेल्या शब्दावर फार विश्वास आहे, बाई. वडील सांगायचे, तोंडी कुणी काही म्हणू दे, लिहिलेलं काय आहे ते बघ. मी तेच बघितलं." आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी ब्रश आणि काळा रंग घेऊन ते ढालीसमोर उभे राहिले. "नाव मराठीत काढू की सिंधीत?" त्यांनी वाधवानींना विचारलं. वाधवानी जेवणाच्या ताटात बघत म्हणाले, "कसंही लिही यार." कांबळेंनी ते नाव मागच्या तिन्ही नावांइतक्याच निगुतीने रंगवलं. एकही ओघळ आला नाही. मी दारात उभी राहून बघत होते… पुढच्या हंगामाच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्यांनी आपली टाकली नाही. त्यांच्याशिवाय खेळ दोन महिने चालला आणि बंद पडला. त्यानंतर वर्षभरात कारखान्यालाही कुलूप लागलं. ढाल आतच राहिली.

आमचं बोलणं कधी तुटलं नाही. कांबळे उल्हासनगरच्या एका लहान युनिटमध्ये लागले, मी घरी बसले आणि सोसायटीची सचिव झाले. दिवाळीला फोन व्हायचा, त्यांच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला मी होते. पण जेवताना ते मला जी गंमत सांगायचे, कुठलं माप कसं फसवं आहे वगैरे, ती बंद झाली. प्रकृती विचारायचे, मुलांचं विचारायचे. चांगल्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे.

यंदा, म्हणजे २००९च्या मार्चमध्ये, त्यांची फुप्फुसं फार बिघडली आहेत असं कळलं, म्हणून मी शिवमंदिराच्या मागच्या बाजूला त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. भिंतीवर तथागतांचा फोटो, त्याखाली ते उशांना टेकून बसलेले. उशाशी दोन थर्मामीटर. "दोन कशाला?" मी विचारलं.

"एकावर विश्वास कसा ठेवायचा?" ते म्हणाले. वहिनी दारातून म्हणाल्या, "डॉक्टरांचा पण तपासून घेतला यांनी. बिचारे हसले म्हणून बरं."

वहिनी चहा करायला आत गेल्यावर मी विषय काढला. "कांबळे, ते खेळाचं… माझं चुकलं होतं."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"नाही विसरले."

ते दम घेत घेत बोलत होते, मध्ये मध्ये थांबत. "वाधवानीवर माझा राग नव्हता. त्याचा प्लेयर खेळला होता, त्याला वाटणारच. नियम तुमचा होता, बाई. पुढे बदलायचा तर बदलायचा, मी काय नाही म्हटलं असतं? तेव्हा सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं होतं, की कांबळे जिंकला."

"आता म्हणते."

"आता टेबलावर कोण आहे?" ते म्हणाले आणि हसले. हसताना खोकला आला, तो लवकर थांबेना. वहिनी धावत आल्या. मी पाठ चोळली, पाणी दिलं, औषधांच्या वेळा एका कागदावर ओळीने लिहून भिंतीला चिकटवल्या. मला तेवढंच येतं. चहा तसाच राहिला. पुढच्या वेळी निवांत बोलू, असं ठरवून मी निघाले… पुढची वेळ त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची. तिथे चार शब्द बोलण्याचा आग्रह झाला. समोर त्यांचे भाऊबंद, शेजारी, नवीन युनिटमधली मुलं. कारखान्यातले आम्ही फक्त तिघं. वक्तशीर, कष्टाळू, मनमिळाऊ असं मी बोलले आणि खाली बसले. शेजारी वाधवानी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही.

एक सवय मात्र लागली आहे. सोसायटीच्या फलकावर कुठलीही सूचना लावण्याआधी मी ती कांबळेंनी वाचावी तशी वाचते. हिच्यात फट कुठे आहे, कुणाला सापडेल. तरीही एखादी राहतेच. यंदा बदलापुरात पाण्याची टंचाई आहे, आमच्याकडे दिवसाआड टँकर येतो. यादीत ज्याचं नाव आधी, त्याला पाणी आधी, हा माझा नियम. मागच्या सोमवारी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या साळवी खाली आल्या. त्या नर्स आहेत, ड्यूटीच्या वेळा सारख्या बदलतात. त्यांनी त्या दिवसाच्याच नव्हे, फलकावर लावलेल्या आठवड्यातल्या तिन्ही टँकरच्या कोऱ्या कागदांवर पहिल्या ओळीत आपलं नाव लिहून टाकलं. नाव कधी लिहायचं हे मी लिहिलंच नव्हतं.

बुधवारी टँकर आला तेव्हा जिन्याखाली पंधरा-वीस जण पिंपं घेऊन उभे होते आणि सगळे एकदम बोलत होते. "मॅडम, खोडा ते नाव." "भाडेकरू आहेत, आम्ही मालक आहोत." "आत्ताच्या आत्ता नवीन नियम करा." साळवी माझ्याकडे बघत होत्या. मला उन्हाचा त्रास होत होता, गुडघे दुखत होते, आणि हे सगळं एकदाचं मिटावं एवढंच वाटत होतं.

मी म्हणाले, "नियमाप्रमाणे या आठवड्यात पहिला नंबर साळवींचा. बदल सोमवारपासून."

कुरकुर झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. साळवींनी पिंप भरलं आणि त्या वर गेल्या, आभारही मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. पाण्याचा पाइप दुसऱ्या पिंपात गेला, माणसं पुढे सरकली. ते वाक्य बोलायला मला चार-पाच सेकंद लागले असतील. तीन वर्षांपूर्वी त्या टेबलावरही तेवढेच लागले असते.