साफ केलेला नाला

आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी छापून येतं ते मी सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे यवतमाळच्या एका सभागृहात ‘पर्यटन विकास आणि गुंतवणुकीच्या संधी’ असा मोठा फलक पाहिला तेव्हा मला आधी हसूच आलं. पडद्यावर वाघ, धबधबे, कळंबचा चिंतामणी असं एकामागून एक येत होतं आणि कोटातले साहेब लोक जिल्ह्यात किती वाव आहे ते सांगत होते. वाव आमच्याकडे पहिल्यापासून आहे. मी सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेली बाई, असले फलक बरेच चढताना आणि उतरताना पाहिलेत. पण भाची हट्टाने घेऊन गेली होती, म्हणून शेवटपर्यंत बसले.

ही माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. नागपुरात हॉटेलचं शिक्षण घेऊन तिथंच एका हॉटेलात लागलेली. भावाचं शेत पांढरकवड्याहून आत, अभयारण्याला लागून. कापूस आणि तूर. शेताच्या एका अंगाने नाला जातो आणि नाल्यापलीकडे जंगल सुरू होतं. वाघ बघायला लोक येऊ लागले तशा त्या रस्त्यावर जिप्सी गाड्या धावू लागल्या, चहाच्या टपऱ्या वाढल्या, होमस्टेच्या पाट्या लागल्या. माझ्या भावाला त्या वाघाचं कौतुक शून्य. त्याला एकच गोष्ट हवी होती. पोरगी घरी परत यावी आणि इथंच राहावी. हे तो कोणाला बोलून दाखवत नसे, पण मला दाखवायचा. तो मला बाईच म्हणतो, आमच्याकडे बहिणीला म्हणतात तसं. म्हणायचा, “बाई, पोरगी डोळ्यासमोर असली का मले दुसरं काही नको.”

त्या सभेत भाचीची हैदराबादच्या एका नवरा-बायकोशी ओळख झाली. त्यांना जंगलाच्या कडेला माती-बांबूच्या थोड्या खोल्या बांधायच्या होत्या. भाचीने मोबाईल काढून आमच्या नाल्याचे फोटो दाखवले. पळसाची दाटी, बोरी, निरगुडी, मध्ये वाळूत उमटलेला वाघाचा पंजा. त्यातली बायको तर त्या फोटोवरून नजर काढेना. बोलता बोलता ठरलंच जवळजवळ. जमीन भावाची राहील, पैसा त्यांचा, आणि सगळा कारभार भाची बघेल. एकदा प्रत्यक्ष जागा बघितली की झालं. त्या दिवशी घरी परतताना भाची माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, लहानपणी झोपायची तशी.

पाहुणे यायची तारीख ठरली आणि भाचीने वडलांना फोनवर बजावलं, “बाबा, काही करू नका. जसं आहे तसंच राहू द्या.”

आता आमच्या भागात हे वाक्य कोणी खरं मानलंय का? येणारा प्रत्येक पाहुणा ते म्हणतो. सोयरे म्हणतात, व्याही म्हणतात, काही करू नका, आम्ही फक्त उभ्या उभ्या येऊन जातो. आणि जो खरंच काही करत नाही, त्याचं नाव पुढची कित्येक वर्षं लग्नामुंजीत निघतं. पोरगी आपला खर्च वाचवून राहिली, असंच भावाला वाटलं. त्याचा ऊर भरून आला. आणि तो कामाला लागला.

त्या दिवशी भाची पाहुण्यांच्या गाडीतून आली, मला त्यांनी पांढरकवड्याच्या स्टँडवरून घेतलं. शेताच्या वळणावर मंडपाची कमान दिसली. मग ‘हार्दिक स्वागत’चा फ्लेक्स दिसला, त्यावर वाघाचं चित्र. रस्त्याच्या दोन्ही अंगाला चुना फासलेले दगड ओळीने मांडलेले. भाची आधी हसली. मग गाडी पुढे गेली आणि तिचं हसू तिथंच राहिलं. कारण समोर उघडं रान होतं. नाला दिसत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्याच्या काठावर एक झुडूप नव्हतं.

जेसीबी लावला होता. पळस बुडापासून कापलेले, बोरी उपटून एका बाजूला ढीग करून जाळलेल्या, राख अजून काळी होती. काठ रंदा मारल्यासारखा सपाट केलेला, आणि पाहुण्यांचा पाय घसरू नये म्हणून नाल्यात उतरायला सिमेंटच्या पायऱ्या. शेत साफ असणं ही आमच्याकडे अब्रूची गोष्ट आहे. मुलीसाठी स्थळ बघायला जाणारेही आधी शेताचा धुरा, म्हणजे बांध, बघतात, मग मुलगा. माझ्या भावाने आपल्याजवळची सगळी अब्रू त्या नाल्याच्या काठावर मांडून ठेवली होती.

तो नवं धोतर नेसून हात जोडून उभा होता. हैदराबादच्या बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “वो नाला कहाँ है, जो फोटो में था?”

“हाच थो नाला, मॅडम,” भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना. “पूरा साफ करून घेतला तुमच्यासाठी. आता साप नाही का विंचू नाही. वाघ तर इकडं यायचं नाव नाही घेनार. बिनधास्त फिरा.”

ती माणसं वाईट नव्हती, उलट फार चांगली निघाली. त्यांनी मंडपात बसून वहिनीच्या हातचे रोडगे आणि वांग्याची भाजी मागून मागून खाल्ली, भावाच्या पायाला हात लावला. निघताना भाची गाडीपाशी त्यांच्याशी बोलत उभी राहिली. बाईंनी तिला जवळ घेतलं तेव्हाच मी समजले.

गाडी गेल्यावर भाची वडलांकडे आली आणि म्हणाली, “बाबा, लय मस्त केलं सगळं.” तिच्या आवाजात कुठं फट सापडत नव्हती. महिन्याभराने तिने फोन करून सांगितलं, त्या नवरा-बायकोचं आपसातच बिनसलं, पैशाचं जमलं नाही, आता ते कुठंच काही बांधत नाहीत. भाऊ त्यांचंच वाईट वाटून घेत बसला. भाचीने मध्य प्रदेशातल्या एका जंगलातल्या रिसॉर्टवर नोकरी धरली. तिथं ती दुसऱ्यांच्या नाल्याकाठी पाहुण्यांना टिळा लावते. मी एकदा तिचा फोटो पाहिला आणि फोन उपडा ठेवून दिला.

खरं वर्षभरातच उघड झालं, निदान माझ्यापुरतं. अभयारण्याच्या पलीकडच्या अंगाला माती-बांबूच्या खोल्या उभ्या राहिल्या. हैदराबादवाल्यांच्याच. भाऊ त्या रस्त्याने सोयऱ्यांकडे जातो, पण त्याने काही विचारलं नाही, म्हणून मीही काही बोलले नाही.

मात्र त्या पावसाळ्यात वहिनीने मला फोन करून तक्रार केली, तुमच्या भावाचं डोकं फिरलं. पळसाच्या बुडांना फुटवे फुटले होते आणि हा कोणाला त्यांना हात लावू देईना. वहिनीच्या बकऱ्या तिकडे फिरकल्या की काठी घेऊन धावायचा. ज्या माणसाने जन्मात धुऱ्यावर गवताची काडी राहू दिली नाही, त्याचा नाला माजला म्हणून गावातले लोक टिंगल करू लागले. मी गेले तेव्हा तो पायऱ्यांवर बसला होता. सिमेंट फोडून टाकायचं म्हणत होता. पळस गुडघ्याएवढे झाले होते आणि तो त्यांच्याकडे तापात पडलेल्या पोराकडे बघावं तसा बघत होता.

यंदा दिवाळीला भाची आली. भावाने तिला हाताला धरून नाल्यावर नेलं. पळस आता माणसाहून उंच आहेत, बोरीही कुठून कुठून उगवल्यात. “पाह्य बरं, कसं झालं,” तो म्हणाला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती म्हणाली, छान झालं. मग थोडं थांबून म्हणाली की तिला बढती मिळाली आहे, आता आणखी लांब, राजस्थानात जावं लागणार. तिथलंच एक स्थळही आहे, तिने स्वतः पसंत केलेलं. भावाने मान हलवली. बरं झालं म्हणाला. आणि एका पळसाची वाळलेली पानं काढू लागला, पुष्कळ वेळ.

तिला नागपूरच्या बसमध्ये बसवायला आम्ही दोघं पांढरकवड्याला गेलो. बस वळून दिसेनाशी झाली तरी तो उभाच होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाई, खरं सांग. म्या नाला कापला म्हनूनच गेली न पोरगी?”

“नाही भाऊ,” मी म्हणाले. “त्या हैदराबादवाल्याइचंच आपसात—”

“राहू दे. तुले खोटं बोलता येत नाही.” खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्याने तोंड पुसलं. “तिले येते. इतके दिवस झाले, एकदाबी चुकली नाही.”