मावशीच्या बोर्डावरचा हिरवा दिवा

माझी आणि मावशीची पहिली भेट झाली तेव्हा मी चार तासांचा होतो. घरातले सगळे एकमुखाने सांगतात, म्हणजे खोटं असण्याची शक्यता भरपूर, की त्या वेळी मी सबंध हॉस्पिटल डोक्यावर घेतलं होतं. नर्सबाई थकल्या, आई थकली, शेजारच्या वॉर्डातले दोन पेशंट बरं वाटत नसतानाही घरी जायला निघाले. तेवढ्यात ड्यूटी संपवून मावशी आली, पाळण्यावर वाकली आणि आपल्या थंडगार, सपाट, कामाच्या आवाजात म्हणाली, "आवाज नीट येत नाहीये. सावकाश बोला." मी गप्प झालो. आजही मावशीसमोर मी आधी वाक्य पूर्ण करतो आणि मग श्वास घेतो.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बत्तीस वर्षं. समोर भिंतीसारखा उभा बोर्ड, त्यात ओळीने भोकं आणि प्रत्येक भोकापाशी वाटाण्याएवढा दिवा. गावात कुणी फोन उचलला की त्याचा दिवा लागायचा. मावशीने वायरची पिन त्या भोकात खुपसायची, "नंबर?" म्हणायचं आणि दिवा विझायचा. लागलेला दिवा म्हणजे खोळंबलेला माणूस, विझलेला दिवा म्हणजे मार्गी लागलेला माणूस. मावशीचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच, आणि ते तिने निवृत्त झाल्यावरही सोडलेलं नाही. फ्रिज उघडला की आतला दिवा लागतो, म्हणून ती लोण्याचा डबा असा झडप घालून काढते की बघणाऱ्याला चोरीचा संशय यावा.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर चिमणी बसायची. अंगाने चांगली दांडगी, दारातून आत येताना थोडं तिरकं व्हायला लागायचं, म्हणूनच सगळ्याजणी तिला चिमणी म्हणायच्या. दोघींनी कोपराला कोपर लावून सव्वीस वर्षं काढली. दोन वर्षांपूर्वी चिमणीला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. तिच्या मुलीने तिला शुश्रूषागृहात ठेवलं. ते शहराच्या पार टोकाला, शेवटच्या बसस्टॉपच्याही पुढे. मावशी दर गुरुवारी तिथे जायची, दोन तास एकटीच बोलायची आणि परत यायची. आल्यावर सांगायची, "आज छान गप्पा झाल्या."

जायची ती आपल्या एकवीस वर्षांच्या जुन्या गाडीतून. किल्ली पिळली की ती गाडी खोकायची, शिंकायची, आणि मग आख्ख्या गल्लीला कळवून सुरू व्हायची. ती एकदाची कायमची निजली. तेव्हा मावशीच्या मुलाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, आपली गाडी तिच्या अंगणात आणून लावली आणि तो तसाच परत गेला. त्याला कंपनीने दुसरी दिली होती. ही नवी पेट्रोलवरही चालायची आणि भिंतीत प्लग लावून मोबाइलसारखी चार्जही व्हायची. तिला किल्ली पिळायची नसते. किल्ली पर्समध्ये असली की झालं, गाडीतलं बटण दाबायचं.

मावशीने बटण दाबलं. गाडी चालू झाली नाही. दिवसभर दाबलं, तरी नाही.

संध्याकाळी मावसभावाचा फोन आला, तेव्हा तिने ते सांगितलं. दादा परगावी राहतो आणि तिथून काळजी करतो. "आई, मी रविवारी येतोय. माझ्यासमोर चालवून दाखव. जमलं तर गाडी ठेव. नाही जमलं तर मी घेऊन जाणार, आणि या वयात ड्रायव्हिंग पुरे."

"मग चिमणीकडे कशी जाऊ?"

"व्हिडिओ कॉल कर की."

"जिला बोलता येत नाही तिला कॉल करू?" असं म्हणून मावशीने फोन ठेवला आणि लगेच मला लावला. मी लिहितो, त्या अर्थी मला वाचताही येत असावं, असा आमच्या घरात समज आहे. गाडीचं तीनशे पानी पुस्तक वाचण्याचं काम त्यामुळे माझ्याकडे आलं.

शुक्रवारी सकाळी मी तिच्या शेजारी पुस्तक उघडून बसलो. मावशीने बटण दाबलं आणि स्टीअरिंगमागची दिव्यांची पट्टी एकदम पेटली. लाल, नारिंगी, पिवळे, मिळून दहा-बारा दिवे.

"अगं बाई!" मावशी मागे सरकली. "गोदामाला आग लागली त्या दिवशी असा पेटला होता माझा बोर्ड. कुणाला आधी घ्यावं कळेना."

"कुणालाच घ्यायचं नाही. गाडी स्वतःला तपासून बघतेय. आणि तुझा पाय ब्रेकवर नव्हता, म्हणून नुसते दिवे लागले. ब्रेक दाबून धर आणि मग बटण."

तिने तसं केलं. एकेक करत दिवे विझले आणि एकच हिरवा उरला. छोटी गाडी आणि शेजारी 'रेडी'. कसलाच आवाज नाही. मी समाधानाने पान उलटतोय तोवर मावशीने पुन्हा बटण दाबलं. सगळं काळं.

"बघ. पडली ना बंद?"

असं सात वेळा झालं. मी खाली उतरून टायर बघून आलो. टायरचा काही संबंध नव्हता, पण पुरुषमाणसाने अशा वेळी टायर बघायचे असतात. आठव्या वेळी मी गाडीऐवजी मावशीचं बोट पाहिलं. हिरवा लागताक्षणी ते बटणावर गेलं.

"तू परत का दाबतेस?"

"दिवा लागला ना."

"मग?"

"मग काय? तसाच ठेवू?"

मी पुस्तक मिटलं. बत्तीस वर्षं या बाईने लागलेला एकही दिवा तसाच राहू दिला नव्हता. त्या प्रत्येक दिव्यामागे कुणाला डॉक्टर हवा होता, कुणाला मुलाचा आवाज ऐकायचा होता, कुणी नुसतंच एकटं होतं. ही शिस्त आता तिच्या बोटात उतरली होती, आणि बोटाला कोण समजावणार? गाडी अगदी ठणठणीत होती. मावशी आपलं काम चोख करत होती, एवढीच काय ती अडचण.

"मावशी, हा दिवा लागलेलाच बरा. गाडी सुरू आहे असं तो सांगतोय. इंजिन अजून झोपलंय, गाडी बॅटरीवर आहे, म्हणून आवाज नाही."

मावशीने हिरव्याकडे बघितलं. तिचं बोट अधांतरी होतं.

"म्हणजे बोलणं सुरू आहे."

"कुणाचं, तुझं नि माझं?"

"तुझ्याशी कोण बोलतंय, गाढवा! माझं आणि गाडीचं. चालू बोलण्यातून पिन उपसायची नाही. ते मी कधी केलेलं नाही." आणि तिने बोट मागे घेतलं, गिअर टाकला आणि आम्ही मुकाट्याने, म्हणजे गाडी मुकाट्याने आणि मावशी वाटेतल्या प्रत्येक दुकानावर टीका करत, बाजारापर्यंत जाऊन आलो.

मी खूश झालो. पण घरी आल्यावर मावशी पर्स उचलून खाली उतरली आणि चालू लागली. गाडी मागून केविलवाणी टीं टीं करू लागली. आत हिरवा तसाच.

"मावशी, बंद कर!"

"मी कशी तोडू? ती बोलतेय ना अजून."

आता आली का पंचाईत! मी कपाळाला हात लावून पायरीवर बसलो. मार्ग मावशीनेच काढला. ट्रंक कॉलला, म्हणजे बाहेरगावच्या फोनला, तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने तसं सांगायचं असे, आणि मग तोडायला हरकत नसे. ती परत गाडीत बसली, कामाच्या आवाजात म्हणाली, "तीन मिनिटं झाली," आणि बटण दाबलं. पट्टी पूर्ण काळी झालेली डोळ्यांनी पाहिली आणि मगच दार उघडलं. आम्ही शनिवारभर याचाच सराव केला.

रविवारी दादा आला. हातात यादी, चेहऱ्यावर परवाना खात्याचे भाव. तो पुढे बसला, मी मागे. मावशीने ब्रेक दाबला, बटण दाबलं, हात मांडीवर ठेवून वाट बघितली आणि म्हणाली, "हिरवा. निघते."

तीनचार किलोमीटर सगळं सुरळीत. उड्डाणपुलाच्या चढावर बॅटरीची शेवटची कांडी उरली आणि पुढून एकदम घर्रर्र आवाज आला. दादाने दाराची मूठ धरली. "आई, थांबव! काहीतरी झालं!"

"ओरडू नकोस, मी लाइनवर आहे," मावशी म्हणाली. "एक लाइन भरली की दुसरीवरून काढायचं. बॅटरी संपत आली, आता पेट्रोलने घेतलंय. गाडी तुझीच होती ना रे?"

दादा दोन वर्षं ही गाडी गाणी लावून चालवत होता. इंजिन कधी जागं होतं, त्याला ठाऊक नव्हतं. त्याने यादी खिशात घातली.

पूल उतरल्यावर घराकडे वळायचं होतं. मावशी वळली नाही. सरळ शुश्रूषागृहाच्या फाटकाशी गाडी थांबवून तिने "तीन मिनिटं झाली" म्हटलं, बटण दाबलं, पट्टी नीट पाहिली आणि आम्हाला काही न विचारता आत गेली. आम्ही मागोमाग जाऊन चिमणीच्या खोलीच्या खिडकीतून बघत राहिलो. चिमणी उशांना टेकून बसली होती. मावशी तिच्या डावीकडे बसली, एक्स्चेंजमध्ये बसायची त्याच बाजूला, आणि हातवारे करत दिवे, बटण, पूल, बहुतेक दादाची घाबरगुंडीही, सगळं सांगू लागली. चिमणी ऐकत होती. असं ऐकणारं माणूस मी क्वचितच पाहिलंय.

"मला वाटायचं, ही नुसती भेटून येते," दादा म्हणाला. "राहू दे गाडी."

मावशी त्यानंतर अकरा गुरुवार गेली. बाराव्या आठवड्यात चिमणीच्या मुलीने तिला विमानाने आपल्या शहरात नेलं, आणि ते मावशीला फोनवर कळलं. गाडी अंगणातच आहे, गुरुवारी तिला आता कुठे जायचं नसतं. गेल्या महिन्यात उभी राहून राहून तिची दिवे लावणारी छोटी बॅटरी उतरली, तेव्हा मावशीने मेकॅनिक बोलावून नवी बसवून घेतली. म्हणाली, "लाइन बंद पडू द्यायची नाही."