‘पुढे’ दाबलं तरी पुढे जात नाही

आमच्या यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "हं." त्या ‘हं’चा अर्थ हो की नाही, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला उमगलेलं नाही. आणि हं मिळाला तरी नशीब म्हणायचं. एरवी नुसते उठतात, चपला घालतात आणि निघून जातात. आता माणूस सांगितलेल्या कामाला गेला की रागावून गेला, ते तुम्ही ओळखत बसा! माझा भाऊ यांना हंबीरराव म्हणतो. तोंडावर म्हणतो. त्यावरही हे "हं" म्हणतात.

धंदा आमचा घरचाच. दातांच्या दवाखान्यांसाठी हे सॉफ्टवेअर लिहितात. पेशंटच्या वेळा, बिलं, एक्स-रे, सगळं त्यात. पुढच्या खोलीत दोन टेबलं मांडलीत, एकावर हे, दुसऱ्यावर मी आणि फोन. हे लिहितात आणि मी लोकांचं ऐकून घेते, अशी वाटणी आहे. मागच्या खोलीत यांचे मेलेले कॉम्प्युटर, वायरींची भेंडोळी आणि रिकामी खोकी. त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही. एकदा टाकलं होतं, तर वायरीत पाय अडकून कपाळमोक्षच व्हायचा.

तर अलीकडचीच गोष्ट. माझे बाबा लिफ्टचे मेकॅनिक. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टा चालू करून दिल्या, आणि स्वतः राहतात बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मध्यंतरी पडले, तेव्हापासून हातात काठी आली. जिना उतरणं बंद झालं. भाऊ परगावी, त्याचं घर म्हणजे काडेपेटी. आम्ही तळमजल्यावर. मी यांना सरळ विचारलं, "अहो, बाबांना आपल्याकडे आणूया का?"

यांनी माझ्याकडे बघितलं. चपला घातल्या. गेले.

दोन-चार दिवसांनी पुन्हा विचारलं. तेव्हा हे टेप घेऊन मागच्या खोलीचं दार मोजत होते. म्हणाले, "थांब, आकडा विसरेन." आकडा लक्षात राहिला असेल, मी मात्र राहिले नाही. तिसऱ्यांदा विचारायला मला काही स्वाभिमान आहे की नाही? दुसऱ्याच्या बापाला कोण घरात घेतं, असं मनाशी म्हटलं, आणि बाबांना फोन करून सांगितलं, "सध्या जरा अडचण आहे आमच्याकडे." बाबा म्हणाले, "बरं बरं. तू जिवाला लावून घेऊ नकोस." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मग भावानं एक वृद्धाश्रम शोधला. तिथली खोली महिन्याभरानं रिकामी होणार होती, तेव्हाच्या शनिवारी जायचं ठरलं. गाडीही तोच घेऊन येणार होता.

पुढचा महिनाभर मी घुसमटत होते आणि यांचे उद्योग चालूच. मागच्या खोलीतली खोकी बाहेर काढली, भंगारवाल्याला बोलावलं. मला वाटलं, नवी मशिनं आणायचा बेत दिसतोय. बापाला जागा नाही, मशिनांना आहे! एकदा तिकडे नुसती ठोकाठोक. मी एका कानात बोट घालून फोन घेत होते. आणि एक दिवस बाथरूममध्ये भिंतीवर हा एवढा जाड दांडा. माझं कोपर त्यावर असं आपटलं की तारे दिसले. "टॉवेल टांगायला एवढा जाड दांडा लागतो का?" मी ओरडले. हे म्हणाले, "हं."

मग उजाडला शुक्रवार. आदल्या दिवशी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पाठवली होती, आणि सकाळपासून फोन थांबेना. सगळ्यांची एकच रड. इन्स्टॉल करायला घेतलं, पहिलं पान आलं, ‘पुढे’ बटण दाबलं, की काही नाही. चूक झाली म्हणून सांगत नाही, बंद होत नाही, पुढे जात नाही. ढिम्म! एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलाय हो माझा!" मी म्हटलं, "बाई, त्याला मिटायला सांगा, वेळ लागेल."

फोन उचलून बाजूला ठेवला आणि यांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिले. "हे काय चाललंय, ते मला आत्ता सांगा. आणि हं म्हणालात तर हा की-बोर्ड तुमच्या डोक्यात घालीन."

यांनी पडद्यावर बोट ठेवलं. इन्स्टॉलच्या स्क्रिप्टमध्ये यांनी स्वतःचं एक फंक्शन लिहिलं होतं. कामाचं बोलणं निघालं की यांना वाचा फुटते. "फंक्शन म्हणजे आपण एखाद्याला पाठवतो ना, जा, बघ आणि येऊन सांग, तसं. ‘पुढे’ दाबलं की हे जातं. जुनी आवृत्ती बंद आहे का, डिस्कवर जागा आहे का, सगळं बघतं. मग उत्तर परत द्यायचं. हो म्हणालं, तर पान पुढे सरकतं."

"मग बघत नाही का ते?"

"बघतं. सगळं व्यवस्थित बघतं. जागा नसली तर तसं सांगतंही. पण सगळं ठीक असेल तेव्हा काय सांगायचं, ती ओळ मी लिहिलीच नाही. माझ्या मशिनवर ही तपासणी बंद ठेवलेली, त्यामुळे कळलं नाही."

"म्हणजे जाऊन, बघून, तोंडात मूग गिळून परत येतं?"

"हं."

"आणि समोरचा काय समजतो?"

"‘नाही’ असंच समजतो. उत्तर दिलं नाही तर ते नाहीच धरलं जातं."

मी कपाळाला हात लावला. "अहो, पण तुमचं म्हणणं हो होतं ना?"

"होच होतं," हे म्हणाले. "हरकत असती तर सांगितलं असतं की."

माझा हात कपाळावरच राहिला. मी म्हटलं, "महिन्यापूर्वी मी तुम्हाला एक विचारलं होतं."

"बाबांचं ना? झालं की ते. पलंग तेवढा काल आला, तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

"कसला पलंग?"

हे उठले. मागच्या खोलीचं दार उघडलं. आत एक वायर नाही, एक खोकं नाही. खिडकीशी पलंग. दिव्याचं बटण पलंगावरून हात पोचेल असं खाली आणलेलं. उंबरठा उखडून जमीन सपाट केलेली, काठी अडखळू नये म्हणून. "बाबांची आरामखुर्ची दारातून जाते," हे म्हणाले. "मोजलंय मी."

आणि बाथरूममधला दांडा? तो काय टॉवेलचा होता? अशा वेळी बायका नवऱ्याच्या गळ्यात पडत असतील. मला तर यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. "अहो, माझा बाप उद्या आश्रमात चाललाय!" मी किंचाळले. "मी त्यांना नाही म्हणून सांगितलं!"

यांचा चेहरा पडला. एवढा पडलेला मी कधी बघितला नव्हता. "का?" एवढंच विचारलं.

मी बाबांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि यांच्या हातात कोंबला. "आता तुम्ही बोला. शब्द वापरा."

बाबांनी उचलला. यांनी दोनदा घसा साफ केला. "बाबा, मी बोलतोय. तुम्ही इकडे या. आमच्याकडे. खोली तयार आहे."

बाबा म्हणाले, "अरे, पण सामान बांधून झालंय माझं. पोराला हो म्हणून बसलोय."

"बांधलंय ना? मग बरंच झालं," हे म्हणाले. "गाडी तेवढी इकडे वळवायची. त्याच्याशी मी बोलतो."

बाबांनी मला हाक मारली. "काय गं, तू याला विचारलं होतंस ना?"

"विचारलं होतं, बाबा."

"मग हा काय म्हणाला होता?"

"काही नाही म्हणाले."

"मग नाही कोण म्हणालं?"

मूग गिळायची पाळी आता माझी होती. हे माझ्याकडे बघत होते. पण माझ्या वतीनं एक शब्द बोलतील तर शपथ.

"बाबा, येताय ना?" मी विचारलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. माझा धीरच सुटला. "बाबा, गप्प बसू नका हो! हो की नाही, ते तोंडानं सांगा!"

"येतो, येतो," बाबा म्हणाले. "ओरडतेस काय एवढी?"

ओरडत कुठे होते मी? रडत होते.